उशीतला तांदूळ

आये,

परवा आमच्या गोदामात एक बाई आल्या होत्या. पूर आला, आग लागली, काही दिवस घराबाहेर पडता येईना, तर घरात काय काय तयार असावं ते सांगायला कंपनीनं त्यांना बोलावलं होतं. शिफ्ट सुटायच्या आधी आम्हा सगळ्यांना पॅकिंगच्या टेबलांपाशी जमवलं. बाईंनी एक पिशवी उघडली आणि एकेक वस्तू वर धरून दाखवली. टॉर्च, मेणबत्त्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली काडेपेटी, सुकं खाणं, पाण्याच्या बाटल्या, कागदपत्रांच्या झेरॉक्स. माझ्या हाताखालच्या पोरी फोटो काढत होत्या. शेवटी बाई म्हणाल्या, "घरात कुणाची रोजची औषधं चालू असतील तर तीही थोडी जास्तीची ठेवायची." मी उठले आणि तोंड धुवायला गेले. परत आले तर टाळ्या चालल्या होत्या. एकीनं विचारलं, "मॅडम, डोळे का लाल झालेत?" मी म्हणाले, खोक्यांची धूळ गेली. सुपरवायझर बाईनं असं सगळ्यांसमोर रडणं बरं दिसत नाही. तेव्हापासून तुझ्याशी बोलायचं मनात आहे. बोलायला तर तू नाहीस, म्हणून लिहिते. तुला वाचता येत नव्हतं, हेही मला लिहायला बसल्यावर आठवलं.

भिवंडीतल्या आपल्या त्या खोलीत मला अजून डोळे मिटून फिरता येतं. दार उघडलं की डाव्या हाताला मोरी, समोर चूल बंद करून त्या जागी मांडलेला स्टोव्ह, वर फळ्यांचा माळा, आणि भिंतीपलीकडून दिवसभर कापड विणणाऱ्या लूमची खटखट. बाहेरून येणाऱ्याला वाटायचं, ह्यांच्या घरात काहीच नाही. दोन डबे, चार भांडी, वळकटी. पण मला ठाऊक होतं. वळकटीच्या तळाशी ज्या दोन उशा होत्या त्यांत कापूस नव्हता, तांदूळ होता. माळ्यावरच्या शिट्टी नसलेल्या कुकरमध्ये गूळ. रॉकेलच्या जुन्या डब्यात, धुऊन, उन्हात वाळवून, नाचणी. कोल्ड्रिंकच्या बाटलीत दाबून भरलेला सुका जवळा, तोंडावर मेण ओतलेलं, म्हणजे वास बाहेर येऊ नये. देवाच्या फळीमागं काडेपेट्या. रेशनकार्ड आणि आमचे शाळेचे दाखले प्लास्टिकमध्ये घालून तू गोधडीत शिवून टाकले होतेस. शाळेत दाखला मागितला की आधी गोधडी उसवायला लागायची आणि परत शिवायची. मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी असं असतं.

का लपवतेस, ते तू मला एकदाच सांगितलंस. दुपारची वेळ होती. शेठकडून आणलेल्या कापडाचा ढीग आपल्या दोघींच्या मधे होता आणि आपण त्याचे लोंबते धागे कापत होतो. तू मान वर न करता बोलत होतीस. अंबाडी गावाच्या पलीकडं, डोंगरात, तुझ्या माहेरच्या गावात भर पावसात घरोघरचं धान्य संपायचं. लोक रानातले कडू कंद आणून पुन्हा पुन्हा उकडायचे. त्या वर्षी तुमच्या घरात एका मडक्यात थोडी नाचणी उरली होती, आणि मडकं दारातून दिसेल असं ठेवलेलं होतं. शेजारची बाई भांडं घेऊन आली. तुझ्या आईनं दिली. मग दुसरी आली. तिलाही दिली. तुझा लहान भाऊ तेव्हा रांगत होता. पुढचं तू नीट सांगितलं नाहीस. फक्त म्हणालीस, "आयचं काय चुकलं न्हाय. दिसलं का द्यायला लागतं. न्हाय म्हणाया आपली जीभ वळत न्हाय, तिचीबी वळली न्हाय." आणि कात्री चालवत राहिलीस. मी विचारलं, मग तो भाऊ? तू म्हणालीस, "धागा बघून काप. कापडाला भोक पडंल."

म्हणून तू लपवायचीस. तू कंजूष असतीस तर तुला लपवायची गरजच पडली नसती. गावाकडून कुणी ना कुणी कामाच्या शोधात यायचं, आठ-आठ दिवस आपल्या खोलीत राहायचं, आणि डोळ्यासमोर असेल ते तू त्यांच्या ताटात वाढायचीस. एकदा आत्या आली होती. माझा धाकटा भाऊ तिच्या मांडीवर बसून म्हणाला, "आमच्या कुकरात गूळ हाय." आत्या हसली, तूही हसलीस, माळ्यावर चढलीस आणि सगळा गूळ तिच्या पदरात घातलास. ती गेल्यावर धाकटा मार बसेल म्हणून दारामागं लपला. तू त्याला जवळ घेतलंस आणि म्हणालीस, "तुझं न्हाय चुकलं रं. माझी जागा चुकली." त्या दिवसापासून गूळ कुठं असतो ते त्याला बरेच दिवस कळलं नाही. मलाही नाही.

माझ्या बाला हे लपवणं आवडायचं नाही. काल्हेरच्या गोदामात तो हमाली करायचा, दिवसभर पाठीवर पोती. एकदा त्याचा मावसभाऊ मुक्कामाला आला आणि त्यानं वळकटीतून खालची उशी ओढून डोक्याखाली घेतली. "वहिनी, ही उशी हाय का धोंडा?" तो हसायला लागला. बा हसला नाही. पाहुणा गेल्यावर त्यानं ती उशी उचलून तुझ्यासमोर ठेवली. "मी मेलो काय? रोज पोती वाहतो ती कुणासाठी? माझ्या कमाईवर तुझा भरोसा न्हाय?" तू म्हणालीस, "तुमच्यावर हाय. दिसावर न्हाय." दिवस कसा उगवेल त्याचा भरवसा नाही, असं तुला म्हणायचं होतं. पण बाला तो अपमानच वाटला. "वाईटाची वाट बघत बसतेस," तो म्हणाला, "म्हणून वाईट येतं." त्यानंतर कितीतरी दिवस तो तुझ्याशी मोजकंच बोलला. तू उशीला दुसरा अभ्रा घातलास, त्यावर फुलं काढलीस, आणि ती पुन्हा वळकटीच्या तळाशी गेली.

मग पुराचं वर्ष आलं. कामवारी नदीचं पाणी आपल्या वस्तीत दर वर्षी थोडंफार यायचं, घोट्याएवढं, आणि दुपारी उतरायचं. त्या दिवशी सकाळी ते मोरीच्या भोकातून उलटं वर आलं. मी शाळेची वेणी घालत होते. तू पाण्याकडं एकदा बघितलंस आणि म्हणालीस, "दप्तर न्हाय, उश्या घे." मला ते वाक्य अजून ऐकू येतं. मी एक उशी, तू एक, तुझ्या काखेत नाचणीचा डबा आणि जवळ्याची बाटली, धाकट्याच्या डोक्यावर कुकर, आता त्यात मीठ आणि काड्या. बा अंगातल्या बनियनवरच शेजारच्या म्हाताऱ्या चाचीला पाठीवर घेऊन जिना चढत होता. चाळीच्या मालकिणीच्या घरावर वरचा मजला होता, तिथं तिचं कापडाचं गोडाऊन होतं. आमची अख्खी चाळ तिथं, कापडाच्या गाठींवर बसलेली. मालकिणीला सगळे खाला म्हणायचे. ती दारात उभी राहून येईल त्याला आत घेत होती. "या गं या, भिजलेला असलास तरी ये, कापड धुता येतं." थोड्या वेळानं खालचे लूम एकेक करून बंद पडले. ती खटखट थांबली तेव्हा लहान मुलं रडायला लागली. त्यांनी ती शांतता कधी ऐकलीच नव्हती.

पहिला दिवस खालाच्या घरच्या खाण्यावर निघाला. दुसऱ्या दिवशी तिचाही डबा वाजायला लागला. तिचं पीठ-तांदूळ खालच्या मजल्यावर होतं, ते पाण्यात गेलेलं. पोरं भुकेनं किरकिरत होती, आणि बाया एकमेकींकडं न बघता खिडकीतून बघत होत्या. मी तुझ्याकडं बघत होते. तू दोन्ही उशांवर हात ठेवून भिंतीला टेकून बसली होतीस. मला वाटतं तू खूप वेळ तशी बसलीस. तुझ्या डोक्यात काय चाललं होतं ते मला आज कळतं. ते धान्य तू आमच्यासाठी ठेवलं होतंस, आम्ही दोघं समोर होतो, आणि बाकीची पोरंही समोरच होती. मग तू उठलीस, खालाकडं गेलीस आणि म्हणालीस, "खाला, मोठं पातेलं हाय काय?" सगळ्यांसमोर तू दातांनी उशीची शिवण उसवलीस. तांदूळ पातेल्यात पडला, त्याचा आवाज आला, आणि खिडकीतून बघणाऱ्या बाया वळल्या. मग नाचणी निघाली, मग नाचणीतच पुरलेला गूळ, मग जवळ्याची बाटली. लूमवर काम करणारा एक यूपीचा माणूस उभाच राहिला. "अरे भौजी, ये सब कहाँ छुपा के रखा था?" तू म्हणालीस, "जिधर तुमकू दिखता नही, उधर." इतके लोक हसले, आये. दोन दिवसांत कुणी हसलं नव्हतं. खाला तर डोळे पुसत म्हणाली, "बाय माझी, तुझ्या उशीवर झोपले असते तर मला जेवणाचीच स्वप्नं पडली असती."

तू पेज केलीस. पातळ, सगळ्यांना पुरेल अशी. धाकट्या पोरांच्या पेजेत गुळाचा खडा टाकत होतीस. बा रांगेत सगळ्यांच्या मागं बसला होता. तू त्याच्यापुढं वाटी ठेवलीस तेव्हा त्यानं तुझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "भरोसा नव्हता म्हणून बरं." त्याच्या तोंडून माफी मी तेवढीच ऐकली. तू पदर तोंडाला लावून हसलीस. मला विचारशील तर आपल्या घरातला सगळ्यात सुखाचा दिवस तो होता, खाली पाणी भरलेलं असताना.

बाच्या बीपीच्या गोळ्या त्याच्या शर्टाच्या खिशात होत्या. शर्ट खोलीत खुंटीला होता. खोली पाण्यात होती. हे त्याच्या पहिल्या दिवशीच लक्षात आलं होतं, पण तो बोलला नाही. एवढे लोक उपाशी असताना गोळीचं काय घेऊन बसायचं, असं त्याला वाटलं असेल. तू विचारलंस तेव्हा म्हणाला, "घेतो मागनं." औषधाची दुकानं पाण्याखाली, रस्ते पाण्याखाली. पाणी उतरायला लागलं त्या सकाळी तो खालाच्या गाठींना टेकून बसला होता आणि तू त्याला चहा देत होतीस. त्याच्या हातातून कप सुटला. तो तुला काहीतरी सांगत होता पण शब्द तोंडात विरघळत होते. आधी तुला वाटलं तो चेष्टा करतोय. त्याचं अर्धं तोंड खाली उतरलं होतं. यूपीच्या त्या माणसानं आणि त्याच्या सोबत्यांनी कापडाची हातगाडी आणली, गुडघाभर चिखलातून त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, तोही थकलेला, त्याच्याही बुटांत चिखल. त्यानं विचारलं गोळी कधीपासून चुकली. तू सांगितलंस. तो लिहिता लिहिता सहज म्हणाला, "घरात थोड्या जास्तीच्या ठेवायच्या की हो." एवढंच. तो आम्हाला काही टाकून बोलला नव्हता. लकवा त्यामुळेच आला असंही तो म्हणाला नाही. पण मी तुझा चेहरा बघितला. बाहेर बाकावर बसल्यावर तू पुन्हा पुन्हा एकच म्हणत होतीस, "सगळं ठेवलं व्हतं. मेण ठेवलं, मीठ ठेवलं, काड्या ठेवल्या. गोळ्या न्हाय ठेवल्या."

बाचा उजवा हात पुन्हा वर उचलला नाही. हमाली सुटली. तू धागे कापायचं सोडून नव्या बिल्डिंगीत जिने झाडायचं काम धरलंस, तिथं महिन्याचा पगार होता. बा घरी बसून डाव्या हातानं भाजी निवडायला शिकला. बोलणं हळूहळू थोडंफार आलं. उशा पुन्हा भरल्या, कुकरही भरला, आता बानं स्वतः डाव्या हातानं माळ्यावर सारला. मग एक दिवस जिने झाडताना तुला चक्कर आली. मी तुला दवाखान्यात घेऊन गेले, बीपी निघालं. खिडकीवरच्या माणसानं महिन्याच्या गोळ्या मोजून दिल्या. तू म्हणालीस, "जरा जास्ती द्या ना." तो म्हणाला, "जास्ती देता येत नाहीत, मावशी. संपल्या की या." तू म्हणालीस, "आन पूर आला तर?" मागं रांगेत उभे असलेले लोक हसले. तोही हसला. मग तू विचारलंस, "आमच्या ह्यांची आन माझी गोळी येकच काय?" त्यानं पाकीट उलटं करून बघितलं. "एकच आहे." त्या दिवशी घरी परतताना तू खुशीत होतीस. वाटेत तू मला वडापाव घेऊन दिलास, जो तू एरवी कधी घेऊन दिला नाहीस. मला वाटलं, दोघांच्या गोळ्या एका फेरीत आणता येतील म्हणून तुला बरं वाटलं.

माझं लग्न झालं, मी काल्हेरला राहायला आले. गोदामात आधी पॅकिंगला, मग हळूहळू वर. सुट्टीच्या दिवशी मी भिवंडीला यायची तेव्हा सकाळचा चहा झाला की तुमचा दोघांचा तो सोहळा बघायची. बा डाव्या हाताच्या तळव्यावर दोन गोळ्या ठेवायचा, एक तुझी एक त्याची. "घे," म्हणायचा. तू तुझी उचलायचीस, मूठ तोंडाला लावायचीस, मान मागं टाकून गटागटा पाणी प्यायचीस. बा म्हणायचा, "बघ, लहान मुलासारखी घेते." तुझ्या त्या मान मागं टाकण्याचं मला हसू यायचं, इतकं तू ते उगाच मोठं करून दाखवायचीस.

तू बिल्डिंगीच्या जिन्यात पडलीस तेव्हा सकाळची वेळ होती, लोक कामाला निघाले होते. कुणीतरी वॉचमनला हाक मारली. मी दवाखान्यात पोचले तेव्हा तू बोलत नव्हतीस, आणि दुपारपर्यंत तू गेलीस. मेंदूत रक्त आलं, म्हणाले. डॉक्टरनं विचारलं, "बीपीच्या गोळ्या त्या नियमित घ्यायच्या का?" बा एका हातानं भिंत धरून उभा होता. त्याला बोलायला कष्ट पडायचे, पण तो ते वाक्य स्वच्छ बोलला. "हो साहेब. माझ्या हातानं द्यायचो मी. येक दिस चुकला न्हाय." डॉक्टरनं मान हलवली. म्हणाला, होतं कधी कधी, गोळ्या चालू असूनही होतं.

तुझ्या दिवसकार्याच्या जेवणाला गावाकडची माणसं येणार होती. बा म्हणाला, बाहेरून तांदूळ आणू नको, तिचाच वापर. मी दाराशी ऊन पडतं तिथं सूप घेऊन बसले आणि फुलांच्या अभ्र्याची उशी उसवली. खाला शेजारी बसून कांदे चिरत होती आणि आलेल्या बायांना पुराची गोष्ट सांगत होती, तू दातांनी शिवण कशी उसवलीस ती. मी तांदूळ निवडत होते. एक पांढरा खडा लागला, मी तो बाजूला टाकला. आणखी एक लागला. गोल होता, कडा गुळगुळीत. तांदळासारखाच पांढरा. मी हात आत घातला तर उशीच्या मधोमध फडक्याची एक पुरचुंडी लागली, तिची एक गाठ सुटली होती. आत तांदूळच होता, दमट लागू नये म्हणून, आणि तांदळात गोळ्या. त्याच, ज्या मी दर सुट्टीला बाच्या तळव्यावर बघत होते. दुसऱ्या उशीत दुसरी पुरचुंडी होती. नाचणीच्या डब्यात तिसरी.

आये, मला समजायला क्षणसुद्धा लागला नाही. दवाखाना जास्तीच्या देत नव्हता. जास्तीच्या मिळायच्या तर एकाच ठिकाणाहून मिळत होत्या, तुझ्या मुठीतून. तू रोज बासमोर पाणी प्यायलीस, आणि गोळी त्याच्यासाठी ठेवलीस. पुढच्या पुरासाठी. खाला म्हणाली, "काय गं, हात का थांबला?" मी म्हणाले, "खडे फार आहेत." पुरचुंड्या मी कनवटीला खोचल्या आणि उरलेला तांदूळ निवडून रांधायला दिला. सगळे जेवले. सगळे म्हणाले, तिच्या हातचं शेवटचं.

बाला मी माझ्याकडं काल्हेरला आणलं. आमच्या बिल्डिंगीच्या खालीच औषधाचं दुकान आहे. मी महिन्याच्या महिन्याला त्याच्या गोळ्या आणायची, कधी दोन महिन्यांच्या एकदम. दुकानदार काही विचारायचा नाही. मग तो टाळेबंदीचा काळ आला, सगळं बंद, रस्त्यावर पोलीस, तेव्हासुद्धा ते दुकान उघडं होतं. बाची एकही गोळी चुकली नाही. तुझ्या पुरचुंड्यांतली एकही लागली नाही, आये. एकसुद्धा नाही. तू मला एकदा म्हणाली असतीस तर मी डबाभर आणून दिल्या असत्या. तू मला कधी काही मागितलंच नाहीस. मी आले की उलट मलाच पिशवी भरून द्यायचीस, आणि रिकाम्या हातानं पाठवलंस असं एकदाही झालं नाही.

माझ्या घरात मी काही लपवत नाही. तांदूळ पारदर्शक डब्यात, औषधं टेबलावर, टॉर्च दाराजवळ खुंटीला. माझ्या मुलीला आणि नवऱ्याला सगळ्या जागा पाठ आहेत. मुलगी हसते, म्हणते मम्मीचं घर म्हणजे दुसरं गोदाम. हसू दे. कुणी भांडं घेऊन आलं तर मी देते, आणि घरच्यांपुरतंच उरलं की आता नाही म्हणून सांगते. तसं म्हणायला मला शिकावं लागलं. सोपं नव्हतं.

बा शेवटच्या वर्षी दुपारभर गॅलरीत खुर्चीवर बसायचा आणि हायवेकडं वळणारे ट्रक बघायचा. कोणत्या ट्रकात कसला माल असेल ते तो टायर किती दबलेत त्यावरून सांगायचा. एक दिवस मी सुट्टीवर होते, त्याच्या पायांना तेल लावत होते. तो ट्रककडं बघत असतानाच म्हणाला, "ती घ्यायची ना गं?" मी म्हणाले, "काय बा?" तो म्हणाला, "गोळी. मी देयाचो. ती मूठ तोंडाला न्यायची. मी कधी तोंड उघडाया लावून बघितलं न्हाय." मग माझ्याकडं वळला. इतकी वर्षं त्यानं हे पोटात ठेवलं होतं, आणि मला वाटत होतं की ठेवणारी मी एकटीच. त्याचे डोळे लहान मुलासारखे झाले होते. मी त्याच्या पायावर तेल चोळत राहिले आणि म्हणाले, "घ्यायची, बा. रोज घ्यायची. मी बघायची ना." तो बराच वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मग त्यानं डाव्या हातानं माझ्या डोक्यावर थोपटलं आणि पुन्हा ट्रक बघायला लागला. त्याचा विश्वास बसला की त्यानं माझी सुटका केली, ते मला कळलं नाही. त्यानंतर त्यानं कधी विचारलं नाही. पावसाळा संपायच्या आधी तोही गेला.

धाकट्याला मी काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तो त्याच्या पोरांना पुराची गोष्ट सांगतो, उशीतून तांदूळ काढणाऱ्या आजीची, आणि पोरं डोळे मोठे करून ऐकतात. मीही शेजारी बसून हसते. ती गोष्ट खरी आहे. त्या दिवसाची तू खरीच होतीस. ही चिठ्ठी मी कुणाला दाखवणार नाही. लिहून झाली की फाडेन, नाहीतर अशीच राहील.

एकच गोष्ट तुला सांगायची होती, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं आहे. बाला मी हो म्हणाले ते त्याच्यासाठी म्हणाले, तुझ्यासाठी नाही. लोक तुझं कौतुक करतात तेव्हा मी मान हलवते, पण आतून मी तुझ्यावर रागावलेली असते. तुला माफ करावं असं मला फार वाटतं, आये. इतक्या वर्षांत अजून जमलेलं नाही.